कात्री कोणाच्या हाती?

आपल्या निवासी शाळेच्या स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थिनी या नात्याने स्वतःच्या व्यवसायाविषयी चार शब्द लिहावेत, असे संपादक मंडळाने सुचविले. मी पिशव्या, पर्स, कमरपट्टे आणि पादत्राणे यांची डिझायनर आहे. “म्हणजे तू शिवतेस का?” असा प्रश्न मला भिसेगावात आणि मुंबईतही विचारला जातो. शिवणे मला येते. परंतु डिझायनरचे काम शिवण्याच्या कितीतरी आधी सुरू होते. वस्तू कोणासाठी, कशाची, किती भार पेलणारी आणि किती किमतीची असावी, हे ठरविणे म्हणजे डिझाइन.

या कामाचा एक सुंदर दाखला विनयपिटकात आहे. मगधातील भातखाचरे आणि त्यांचे बांध दाखवून भगवान बुद्धांनी आनंदांना विचारले, की भिक्षूंचे चीवर असे रचता येईल काय? आनंदांनी कापडाचे तुकडे जोडून तसे चीवर सिद्ध केले आणि बुद्धांनी त्यांच्या बुद्धीची प्रशंसा केली. तुकडे केलेल्या वस्त्राचा लोभ कोणास होत नाही, हाही त्या रचनेमागचा विचार होता. पावसाळ्यात आपल्या परिसरातील खाचरे पाहताना मला ही गोष्ट आठवते. निरीक्षण, प्रयोजन आणि कारागिरी यांचा असा मेळ म्हणजेच आमचे शास्त्र.

या क्षेत्राची वाट अवघड असली तरी आडवाटेची नाही. बारावीनंतर राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेची, म्हणजे ‘निफ्ट’ची, प्रवेश परीक्षा देता येते. १९८६ साली दिल्लीत सुरू झालेल्या या संस्थेची मुंबई शाखा आपल्यापासून फार दूर नाही. ती खारघरला आहे. परीक्षेत कल्पकता आणि सामान्य क्षमता तपासली जाते. पुढच्या फेरीत समोर ठेवलेल्या साहित्यातून वस्तू घडवून दाखवावी लागते. वसतिगृहात तुटलेल्या दप्तराचा बंद स्वतः टाचणारे विद्यार्थी या फेरीला घाबरत नाहीत, हे मी अनुभवाने सांगते. पदवीचा अभ्यास चार वर्षांचा असतो.

खरी परीक्षा मात्र घरी झाली. मी चामड्याचे काम निवडले, हे ऐकून आजी गप्प झाली. १९२७ साली आपल्याच जिल्ह्यातील महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावरे ओढण्याचे काम सोडण्याचे आवाहन केले आणि आमच्या कुटुंबाने ते सोडले. “ज्या कातड्यातून आमच्या सासऱ्यांनी हात काढले, त्यात तू पुन्हा कशाला हात घालतेस गं?” आजीने विचारले. मी शिक्षण, पगार, परदेशी बाजार असे पुष्कळ सांगितले. तिने एवढेच म्हटले, “आम्हाला तेव्हा ‘नाही’ म्हणायची सोय नव्हती. तुला आहे का?”

या प्रश्नाचे उत्तर पदवीने दिले नाही. एका निर्यातदार कंपनीत मी नोकरीला लागले. माझी रेखाटने कंपनीच्या नावाने जात. धारावीतील ज्या कारागिराने रापी आणि आरी चालवून पहिला नमुना घडविला, त्याचे नाव कोठेच नसे. त्याची मजुरी नमुना हाती येण्यापूर्वीच ठरलेली असे. ‘नाही’ म्हणण्याची सोय आम्हा दोघांनाही नव्हती.

उत्तर शोधताना मला मुंबईत वाढलेल्या सुधीर राजभर यांचे काम मोलाचे वाटले. २०१५ साली महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा कायदा लागू झाला आणि धारावीतील अनेक चर्मकारांचे काम आटले. राजभर यांनी टाकाऊ टायर-ट्यूबचे रबर घेऊन, चामड्यावर बसलेल्या त्याच हातांकडून पिशव्या घडविल्या. आपल्या उद्योगाला त्यांनी ‘चमार स्टुडिओ’ असे नाव दिले. शिवीसारखा फेकला जाणारा शब्द त्यांनी वस्तूवर मानाने कोरला. हीसुद्धा रचनाच आहे.

कोल्हापुरी चपलेचा धडा याच्या उलट बाजूने मिळतो. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेल्या चामड्याच्या या चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे आहेत. तरीही जून २०२५ मध्ये मिलान येथे ‘प्राडा’ या इटालियन कंपनीने तशाच घडणीच्या चपला दाखविल्या, तेव्हा मुळाचा उल्लेख नव्हता. टीका झाल्यावर कंपनीने भारतीय परंपरेचे ऋण मान्य केले. घडण जगाला हवी असते; घडविणाऱ्याचे नाव मात्र मागून घ्यावे लागते.

आज माझी छोटी कार्यशाळा आहे. नमुना पूर्ण झाल्यावर, लागलेले तास मोजून, कारागीर आणि मी समोरासमोर बसून मजुरी ठरवतो. प्रत्येक पिशवीच्या अस्तरावर घडविणाऱ्याचे नाव असते. न पटणारे काम आम्ही परत पाठवतो. त्यामुळे काही महिने ओढाताणीचे जातात. आजीला माझा व्यवसाय अजूनही पुरता रुचलेला नाही. पण ती माझीच पिशवी घेऊन बाजारात जाते आणि अस्तरावरचे नाव दुसऱ्यांना वाचायला लावते.

विद्यार्थी मित्रहो, बाबासाहेबांनी आपल्याला हातांच्या श्रमापासून नव्हे, तर लादलेल्या श्रमापासून मुक्त केले, असे मी समजते. तुम्ही कोणताही व्यवसाय निवडा. कोडिंग असो, शेती असो वा शिवणकाम. पण निवडताना दोन गोष्टी पाहा : त्यात आपले नाव राहते का आणि ‘नाही’ म्हणता येते का? आपल्या शाळेच्या पुढील वाटचालीस माझ्या मंगल कामना. जय भीम, नमो बुद्धाय.