माजघरातील आरमार

मे महिन्यात वालचंदनगरला दुपारचे बाहेर पाऊल टाकण्याची सोय नसते. आमरसाची पंगत उठली की खिडक्यांवर ओले पडदे सोडावेत आणि चहाच्या वेळेपर्यंत माजघरात काही तरी बैठा खेळ मांडावा, हा आमच्या घरचा जुना प्रघात. गेली दोन वर्षे त्या वेळेत आमच्याकडे आरमारी लढाया होतात. समुद्रापासून इतक्या दूर, कालव्याकाठच्या उसाच्या मुलखात आरमार कसले, असे वाचकांस वाटेल. परंतु ज्या वालचंद हिराचंदांचे नाव आमच्या गावाला आहे, त्यांनी व त्यांच्या भागीदारांनी १९१९ साली ‘लॉयल्टी’ ही आगबोट मुंबईहून विलायतेस धाडली होती; तेव्हा जहाजांचा छंद आम्हांस अगदीच परका नव्हे.

छंद मूळचा आमच्या भाच्याचा. पुठ्ठ्याची वीतभर जहाजे त्याने केली, तीही चिलखती आगबोटींच्या काळातील. ही निवड शहाणपणाची होती. त्या काळची जहाजे मंद, तोफा थोड्या, आणि एकेका बाजूस दोन-तीन नौका असल्या तरी लढाई रंगते. शिवाय असली दोन जहाजे खुद्द मुंबई बंदरात होती, हे आम्हांस त्याच्यामुळेच कळले. ‘मॅग्डाला’ आणि ‘ॲबिसिनिया’ ही ती दोन. १८६८ च्या हबसाणावरील स्वारीवरून त्यांना ही नावे मिळाली. दोन्ही १८७० साली पाण्यात उतरली. प्रत्येकीवर दोन फिरते बुरूज, बुरुजागणिक दोन तोफा. ‘मॅग्डाला’ इकडे आली ती तात्पुरत्या डोलकाठ्या उभारून, आणि पुढचे सारे आयुष्य तिने बंदर राखण्यात घालविले. प्रत्यक्ष युद्धाचा प्रसंग त्या दोघींवर कधी आला नाही. तो आमच्या सतरंजीवर आला.

अडचण झाली ती नियमांची. आमच्या दादांचे आयुष्य कारखान्यात दंतचक्रांची मापे घेण्यात गेले. केसाएवढा फरक त्यांना खपत नाही. त्यांनी चाळीस पृष्ठांची वही सिद्ध केली. पत्र्याची जाडी, गोळ्याचे वजन, अंतर, आघाताचा कोन, प्रत्येकाचे कोष्टक निराळे! गेल्या वर्षी एकेका डावाला पाऊण तास लागे. तिसऱ्या दुपारी भाचा मोबाइल घेऊन ओसरीवर जाऊन बसला, आणि दादा वही मिटून चहाला आलेच नाहीत. भाच्याचे हे शाळेतील शेवटचे वर्ष. पुढल्या सुट्ट्यांत तो येईलच असा भरवसा नाही. म्हणून यंदा नियम निवडण्याचे काम आम्ही आपल्याकडे घेतले.

आम्ही कसोटी एकच लावली: घडलेली लढाई नियमांनी पुन्हा तशीच घडते काय? ८ मार्च १८६२ रोजी अमेरिकेत हॅम्पटन रोड्स येथे ‘व्हर्जिनिया’ या चिलखती जहाजाने एक लाकडी जहाज टक्कर देऊन बुडविले व दुसरे पेटविले. दुसऱ्याच दिवशी ‘मॉनिटर’शी तिची सुमारे चार तास झुंज झाली आणि दोघींपैकी एकही बुडाली नाही. दादांच्या कोष्टकांनी हेच उत्तर आले, परंतु दोन दुपारी खाऊन. मग आम्ही आईच्या सारीपाटातील सहा कवड्या घेतल्या. जवळून चार उताण्या पडल्या तर गोळा लागला, दुरून पाच. लागल्यास जहाजापुढील एक काडी उचलावी; लाकडी जहाजास काड्या तीन, चिलखतीस दहा. तोंडाकडून ठासावयाची तोफ एकदा डागली की पुढला डाव मुकी. चाल गाठी मारलेल्या दोरीने मोजावी, आणि ती आधी चिठ्ठीवर लिहून सर्वांनी एकदम उघडावी. उत्तर तेच आले, अर्ध्या तासात. घड्याळ दादांच्याच हाती होते.

टकरीचा नियम मात्र आमचा फसला. टक्कर म्हणजे जलसमाधी असे ठरविताच मुले एकमेकांवर बैलांसारखी धावू लागली. १८६६ च्या लिसाच्या लढाईत ‘रे दितालिया’ बुडाली खरी, परंतु तिचे सुकाणू मोडले होते व ती जवळजवळ थांबली होती. तेव्हा थांबलेले जहाज बुडेल, चालत्याचे कवड्या ठरवितील, असा बदल केला. स्वपक्षाची टक्करही मोजावी, असा आग्रह धाकटीने धरला. १८९३ साली ‘व्हिक्टोरिया’ स्वतःच्याच ताफ्यातील ‘कँपरडाऊन’च्या टकरीने बुडून ३५८ माणसे गेली, हे भाच्याने सांगितल्यावर कोणी हरकत घेतली नाही.

दादांनी कवड्यांवर घेतलेला आक्षेप रास्त होता. फाशाचे सर्व अंक सारखे पडतात. कवड्यांत मधल्या संख्या वारंवार, सहाच्या सहा उताण्या क्वचित. आम्हांस तो गुणच वाटला. सहा पडल्यास शत्रूचे सुकाणू निकामी, एवढे कलम त्यावर वाढविले.

सुट्टीच्या अखेरच्या दुपारी ‘मॅग्डाला’ आईकडे होती. “बंदर राखायचे तर हलायचे कशाला?” म्हणून तिने चिठ्ठी कोरी ठेवली. भाच्याने सरळ टक्कर दिली.

“अरे, तिच्या कुशीला आठ इंच लोखंड आहे!” दादा ओरडले.

“मामा, ते पाण्याच्या रेषेशी. चोच त्याच्या खाली लागते.”

दादांनी वही काढली, पाने चाळली आणि मिटली. आईने कवड्या गोळा केल्या. “पुन्हा मांडा,” ती म्हणाली, “चहाला अजून अर्धा तास आहे.”

संध्याकाळी निघताना भाच्याने, गाडीत वाचावयास, ती वही मागितली. दादांनी आमच्या नियमांचा कागद त्याला दिला. वही दिली नाही. धुराचे कोष्टक अजून पुरे व्हावयाचे आहे म्हणाले, ते झाले की स्वतः घेऊन येतो.