दान आणि वाटणी

वाचकहो, दान म्हणजे एकदा द्यावे आणि विसरून जावे, असे आपण समजतो. आमच्या वर्धा जिल्ह्यात पवनारला आश्रम करून राहिलेले विनोबा मात्र दानाचा अर्थ सम-विभाजन, म्हणजे न्याय्य वाटणी, असा करीत. १९५१ मध्ये भूदान सुरू झाल्यावर ते जमीनमालकांना विनवीत, की पाच मुलगे असतील तर मला सहावा समजून माझा वाटा द्या. या अर्थाचे मोल मला शेजारच्या घरात कळले.

त्या घरातील तरुणाला रक्ताचा कर्करोग झाला. सख्ख्या भावंडाच्या पेशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक असते. त्याची विवाहित थोरली बहीण जुळली. मुंबईला जाऊन तिने अस्थिमज्जा दिली. वर्षभराने आजार उलटला आणि डॉक्टरांनी पुन्हा तिलाच बोलावले. या खेपेस मज्जा नको होती. तिच्या रक्तातील लिम्फोसाइट, म्हणजे शरीराच्या पहारेकरी पेशी, हव्या होत्या. म्युनिकच्या हान्स-योखेम कोल्ब यांच्या गटाने १९९० मध्ये असा उपाय केलेल्या तीन रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला होता. प्रत्यारोपणानंतर भावाचे रक्त बहिणीच्या मज्जेतून तयार होते, म्हणून तिच्या पेशी तेथे टिकू शकतात आणि उरलेल्या कर्करोगपेशींना परक्या म्हणून ओळखून मारतात. मात्र त्याच पेशी त्याची त्वचा, यकृत व आतडी यांवरही उलटू शकतात. त्यामुळे अल्प मात्रेने आरंभ करून त्या बेताने वाढवीत देतात. यशाची हमी कोणीच देत नाही.

सासरी कुरबूर झाली, की किती वेळा द्यायचे? ती एवढेच म्हणाली, "त्याच्या अंगात माझेच रक्त लढते आहे. त्याला कुमक नको का?" ती गेली. आज तिचा भाऊ हिंडतो-फिरतो आहे.

येथेच थांबणे सोपे होते. परंतु लग्नानंतर याच बहिणीने वडिलोपार्जित शेतीच्या हक्कसोडपत्रावर सही केली होती. तिने मज्जा दिली, पेशी दिल्या, त्याआधी जमीनही सोडली. गावाने तिला थोर दाती म्हटले. सातबाऱ्यावर तिचे नाव आजही नाही. विनोबांच्या अर्थाने वाटणी व्हायची, तर ती दोन्ही बाजूंनी व्हायला हवी. वाचकहो, आपल्या घरचा सातबारा एकदा काढून पाहा. त्यावर कोणाचे नाव नाही, तेही वाचा.