ईल तळ्याकाठची शाळा

उन्हाळ्यात शाळा, ही कल्पनाच आमच्या पिढीला पचण्यासारखी नाही. आमच्या उन्हाळ्यात आंबे होते, पत्त्यांचे डाव होते आणि मामाचे गाव होते. त्यामुळे धाकट्या कन्येने “बाबा, मी अमेरिकेत उन्हाळी शाळेला निघाले आहे,” असे सांगितले, तेव्हा पीएच. डी. करणाऱ्या मुलीला पुन्हा शाळेत कशाला घालतात, हेच मला कळेना.

ही हकीगत २०१८ सालच्या जुलैअखेरची. आम्ही उभयता बोस्टनला थोरल्या चिरंजीवांकडे गेलो होतो. कन्येची शाळा तेथून बसने दोनेक तासांवर, वुड्स होल नावाच्या गावी. नातवाला सोडून यायला सौभाग्यवतींनी साफ नकार दिला. मी मात्र बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन निघालो.

गाव केवढे? वॉटर स्ट्रीट हा एक रस्ता. त्याच्या एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला ईल पाँड नावाचे खाऱ्या पाण्याचे तळे. मध्ये एक चिमुकला उचलता पूल. तळ्यात शिरणारी शिडाची होडी आली की पूल वर जातो आणि थोर शास्त्रज्ञ असोत की पावाची गाडी, सारे मुकाट्याने थांबतात. धक्क्यावरून मार्थाज व्हिन्यर्ड बेटाकडे जाणारी बोट मधूनमधून भोंगा वाजवते. पाण्याकाठी रेचेल कार्सन बाईंचा बसलेला पुतळा आहे. या बाई १९२९ साली येथे शिकायला आल्या आणि समुद्राच्याच होऊन गेल्या.

१८८८ साली येथे सागरी जीवशास्त्राची प्रयोगशाळा निघाली. पण उन्हाळी शाळेचे मूळ त्याहून जुने. जवळच्या पेनिकीझ बेटावर लुई अगासीझ या पंडिताने १८७३ साली शिक्षकांसाठी अशी शाळा भरवली होती. पुस्तके नकोत, निसर्ग वाचा, असा त्याचा बाणा. त्याच आशयाची पाटी आजही येथल्या ग्रंथालयात, म्हणजे पुस्तकांच्याच घरात, लावलेली आहे! गंमत अशी की, या अगासीझने डार्विनचा उत्क्रांतिवाद मरेपर्यंत मानला नाही. आणि त्याच्या वारसांनी १९८८ पासून येथे रेणूंच्या उत्क्रांतीचे वर्ग चालवले. मी पाहिलेली मुले तर निसर्गही वाचत नव्हती आणि पुस्तकेही नाहीत. जो तो संगणकाच्या पडद्यात डोळे घालून बसलेला. सकाळी नवाला सुरू झालेली व्याख्याने रात्रीपर्यंत चालत. कोणी गणिती, कोणी वैद्य, कोणी माशांचा अभ्यासक. एकाला दुसऱ्याची भाषा येत नाही, म्हणून जेवतानाही रुमालांवर आकृत्या काढणे चालू.

मी बँकेत छत्तीस वर्षे काढलेला कारकुनी पेशाचा माणूस. मला समजले ते एवढे: प्राण्याच्या पेशीत चार अक्षरांत लिहिलेला मजकूर असतो, माणसाचा सुमारे तीन अब्ज अक्षरांचा. निरनिराळ्या जीवांचे मजकूर ताडून कोण कोणाचा भाऊबंद हे ठरवायचे. सोपे वाटते ना? फक्त दहा जीव घ्या. त्यांचे वंशवृक्ष ३,४४,५९,४२५ प्रकारांनी मांडता येतात! त्यांतला खरा एकच.

कन्येचा विषय देवगांडूळ. हा गांडूळही नव्हे आणि सापही नव्हे. बेडकाचा बिनपायांचा चुलता. आंबोलीच्या पावसात जळवा अंगावर घेऊन तिने दोन वर्षे ही मंडळी गोळा केली. त्यांतली दोन एकमेकांची सख्खी भावंडे, असा तिचा निष्कर्ष. निबंध छापायला स्वीकारलाही होता.

तिसऱ्या रात्री ती बाकावर माझ्याशेजारी येऊन बसली. लाडू घेईना.

“बाबा, माझं झाड चुकलंय.”

मग तिने समजावले. लग्नाच्या पंगतीत एक पाहुणे बडोद्याचे आणि एक इंदूरचे. दोघांचीही घराणी पाच पिढ्या बाहेर, दोघांचीही मराठी आपल्याहून निराळी. चार लकबी योगायोगाने जुळतात आणि आपण म्हणतो, हे एकाच घरचे दिसतात! वास्तविक एकाचे चुलते या पानावर, दुसऱ्याचे त्या पानावर. फार बदललेल्या दोन जीवांचे असेच होते. अक्षरे चारच, म्हणून योगायोगही पुष्कळ. फेल्सेन्स्टाइन या शास्त्रज्ञाने १९७८ साली हे गणिताने दाखवले. आणि वाईट म्हणजे, मोजण्याची रीत भाबडी असेल तर माहिती वाढवून ही चूक कमी होत नाही, उलट पक्की होते.

तिने दुपारी मधले नातलग घालून, चांगल्या रीतीने पुन्हा हिशोब केला होता. दोन्ही भावंडे दोन टोकांना गेली.

“कोणाला कळलंय?” मी विचारले. हा प्रश्न माझ्या तोंडून निघाला याची मला आजही लाज वाटते.

“अजून कोणाला नाही. सर निबंधावर इतके खूश आहेत. छापला तर कदाचित कोणी बघणारही नाही.”

मग मी तिला एक गोष्ट सांगितली. ती सौभाग्यवतींनाही ठाऊक नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी ताळेबंदात आठ रुपयांचा फरक येत होता. मी ते खिशातून भरून वही मिटली. महिन्याने उमगले की, चूक आठ रुपयांची नव्हतीच. दोन मोठ्या उलटसुलट नोंदी एकमेकींना जवळजवळ खाऊन बसल्या होत्या. बोलणी खाल्ली ती शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाने. मी गप्प राहिलो. तो सेवानिवृत्त होईपर्यंत माझ्याबरोबर चहा पीत होता.

ती बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिली. मग मांडीवर संगणक उघडून पत्र लिहू लागली. येथे रात्रीचे बारा वाजले होते, म्हणजे पुण्यात सकाळचे साडेनऊ. सर नुकते खोलीत येऊन बसले असतील. पत्र गेल्यावर तिने लाडू मागितला, एकामागून एक तीन खाल्ले.

तळ्याकाठी दगडी घंटाघर आहे, १९२९ सालचे. त्यातल्या घंटांची नावे मेंडेल आणि पाश्चर. सकाळी घंटा झाली तेव्हा मी बसच्या रांगेत होतो. कन्या पळतपळत आली.

“सरांचं उत्तर आलं. छापणं थांबवायला कळवलंय. नवीन झाड आधी त्यांना दाखव म्हणाले.”

“रागावले का?”

“तसं काही लिहिलं नाही. एकच ओळ आहे. आणि बाबा, डबा द्या ना इकडे. नऊचा वर्ग आहे, बाकीच्यांनाही देते.”