कुणाची रे ही फाइल?

कुंडलमध्ये अनोळखी पोराला आधी नाव विचारत नाहीत. "कुणाचा रे तू?" हा पहिला प्रश्न. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर झालो, तेव्हा कळलं की संगणकालाही हाच प्रश्न विचारता येतो.

माझ्या चुलत भावाचं गावात ऑनलाइन सेंटर आहे. दिवाळीत गेलो तेव्हा अंगठा घ्यायच्या मशीनचा ड्रायव्हर त्याला व्हॉट्सॲपवर कुणीतरी पाठवला होता. "दादा, चालवू का? ग्रुपवर आलंय."

फाइलवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडलं. तिथं 'डिजिटल सिग्नेचर्स' हा भागच नव्हता. मग मशीनच्या कंपनीच्या साइटवरून तोच ड्रायव्हर उतरवला. त्यात तो भाग होता. 'डिटेल्स'मध्ये सही वैध असल्याचं आणि कंपनीचं नाव दिसलं. मशीनच्या खोक्यावरही तेच नाव होतं.

"म्हंजे पहिल्यात व्हायरस हुता?"

"माहीत नाही. बिनसहीची फाइल वाईटच असते असं नाही. पण ती कुणाची, हे कळायला मार्ग नाही."

ही सही म्हणजे गणित आहे. कंपनी फाइलचा एक छोटा ठसा काढते आणि फक्त तिच्याकडे असलेल्या गुप्त किल्लीनं त्यावर सही करते. नंतर फाइलमधलं एक अक्षर बदललं, तरी ठसा जुळत नाही. ती किल्ली त्याच कंपनीची आहे, याचा दाखला तिसरी संस्था देते.

२०१८पासून मिळणाऱ्या डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्यामागेही हेच तत्त्व आहे. भाऊ तो रोज छापून देतो. पण सही असते फाइलमध्ये. कागदावर तिचं नुसतं चित्र उतरतं. म्हणून तर कागद हाती आला, की त्यावरचा पडताळणी क्रमांक सरकारी साइटवर टाकून बघायचा असतो.

अर्थात घराणं कळलं म्हणून वागणूक कळत नाही. २०१७मध्ये 'सीक्लीनर' या लोकप्रिय प्रोग्रॅमच्या अधिकृत आवृत्तीतच चोरांनी आपला कोड घुसवला. सही अस्सल होती, आणि ती आवृत्ती सुमारे २२ लाख ७० हजार लोकांपर्यंत गेली. २०१०मध्ये उघडकीला आलेल्या 'स्टक्सनेट'नं तर दोन खऱ्या कंपन्यांच्या चोरलेल्या किल्ल्या वापरल्या होत्या. सही 'कुणाचा' एवढंच सांगते, 'कसा' ते नाही.

तरी मी भावाला एवढी सवय लावून घ्यायला सांगितलं. त्याच्या संगणकात गावाची आधार कार्डं आहेत, पासबुकं आहेत. पेन्शन काढायला आलेली म्हातारी त्या मशीनवर अंगठा टेकवते, ती ह्याच्या बापाला ओळखते म्हणून. मशीनमागं कुठली फाइल चालते, हे तिला कधीच दिसणार नाही. तिच्या वतीनं विचारायचं, तर त्यालाच विचारावं लागेल.