करामातली कादंबरी आणि कुर्ल्याचा जिना

2022 च्या डिसेंबरात मी दोन आठवडे दुबईला राहून आले. 2020 साली आपल्याकडून दुबईला थेट विमान सुरू झालं, तेव्हापासून माझी कुर्ल्याची शाळासोबतीण फोनवर मागे लागली होती, "अगं, आता तीन-साडेतीन तासांवर आहेस, आता तरी ये." ती आणि तिचे यजमान कित्येक वर्षं करामात आहेत. करामा म्हणजे दुबईतलं आपलं दादर समजा. टीव्हीवर दिसतात ते काचेचे मनोरे इथे कमी. जुन्या बैठ्या इमारती, खाली किराणा, शिंपी, इडली-डोशाची हॉटेलं, आणि संध्याकाळी रस्त्यावर आपल्याकडची निम्मी माणसं. मला पहिल्याच दिवशी कोथिंबीर घेताना मागून मराठी भांडण ऐकू आलं, इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

मैत्रिणीच्या घरी महिन्यातून एकदा आठ-नऊ बायका जमतात. सगळ्यांनी एकच पुस्तक वाचायचं आणि चहा-कांदेपोहे घेता घेता मतं द्यायची. कोणी देशातून आणलं तर मराठी, नाहीतर इंग्रजी. त्या महिन्यात नोरा रॉबर्ट्स या अमेरिकन लेखिकेची 'कॅरोलिना मून' होती, 2000 सालची. प्रेमकथा आणि खुनाची कथा एकात. पाहुणी म्हणून मला सूट होती, पण मी चार रात्रींत वाचून काढली. मला असल्या पुस्तकांची जुनी खोड आहे. वडील बाबुराव अर्नाळकरांची झुंजार आणि काळापहाडची पुस्तकं लायब्ररीतून आणायचे, ती मी त्यांच्या उशाखालून काढून वाचत असे.

गोष्ट थोडक्यात अशी. टोरी नावाच्या मुलीला दुसऱ्याच्या मनातलं, घडून गेलेलं दिसतं. तिची आठ वर्षांची जिवलग मैत्रीण होप रात्री घरातून गुपचूप बाहेर पडते, दोघींनी भेटायचं ठरवलेलं असतं. पण त्याच संध्याकाळी टोरीला तिचा बाप पट्ट्याने मारतो, ती जाऊ शकत नाही, आणि होपचा खून होतो. पुढे अठरा वर्षांनी टोरी गावी परत येते, दुकान थाटते, होपच्याच भावावर तिचं प्रेम बसतं. आणि खुनी एकच खून करून थांबलेला नसतो. तो कोण, ते सांगत नाही; कोणाला वाचायचं असेल तर मजा जाईल.

मतं काय विचारता! एक निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, "खुनी मी शंभराव्या पानावरच ओळखला." त्यावर दुसरी, "बाई, तुम्ही दर महिन्याला ओळखता आणि दर महिन्याला दुसराच निघतो." हशा. मैत्रिणीचं मत, प्रेमाचे प्रसंग जरा जास्तच झाले, मध्ये मध्ये पानं उलटावी लागली. (तिने एकही पान उलटलं नसणार, मी तिला ओळखते.) एक जण हळू आवाजात म्हणाली, खुन्यापेक्षा तिला त्या बापाचीच जास्त भीती वाटली. त्यावर कोणी काही बोललं नाही.

त्यांच्यात पंचविशीची एक मुलगी होती, रत्नागिरीकडची. मॉलमधल्या दुकानात कामाला. करामातच एका फ्लॅटमध्ये बेडस्पेस घेऊन राहते, म्हणजे खोलीत चार पलंग, त्यातला एक आपला. ती म्हणाली, "मला खूप आवडलं. ती परत येते ना त्याच गावात, ते आवडलं. आणि शेवटी वाचते."

मग सगळ्या माझ्याकडे वळल्या. "मावशी, तुम्हाला?"

मी म्हटलं, मला नाही आवडलं. का, ते मला लगेच सांगता येईना. मग कुर्ल्याचं सांगितलं.

1968 च्या पावसाळ्यात मी नऊ वर्षांची होते. मुंबईच्या उपनगरांत रात्री झोपलेल्या माणसांची डोकी लोखंडी कांबीने फोडून कोणीतरी मारत होतं. मरणारे सगळे झोपडीत नाहीतर उघड्यावर झोपणारे. तो मांजर होऊन येतो, पोपट होऊन उडून जातो, अशा आवया. वडील रेल्वेत, त्यांची रात्रपाळी असली की आई आम्हा चौघांना एका अंथरुणावर घेऊन बसून राहायची. पुरुष लाठ्या घेऊन पहारा देत, आणि चाळीचा खालचा दरवाजा, जो कधी लागलेला मी पाहिला नव्हता, तो दहाला बंद होऊ लागला.

आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाई दरवाज्याबाहेर, दुकानाच्या फळीवर झोपत. आईने एक रात्र त्यांना जिन्याखाली झोपू दिलं. दुसऱ्या दिवशी चाळीची बैठक झाली. आज हिला घेतलं, उद्या सगळा फुटपाथ आत येईल, म्हणाले. आईने काही उलट म्हटलं नाही. आमच्या वडिलांनीही नाही. त्या रात्रीपासून बाई परत फळीवर. सकाळी दरवाजा उघडला की मी आधी धावत जाऊन बघायची, बाई उठून बसल्या आहेत का.

27 ऑगस्टला सब-इन्स्पेक्टर अॅलेक्स फियाल्हो यांनी त्याला डोंगरीत पकडलं. रामन राघव. तपास रमाकांत कुलकर्णी साहेबांचा. त्याने कोंबडीचा रस्सा मागून खाल्ला आणि मग तोंड उघडलं, हे तर पोराटोरांना पाठ झालं होतं. फाशीची शिक्षा झाली, पुढे मनोविकार म्हणून तिची जन्मठेप झाली, आणि 1995 साली तो पुण्याला ससून रुग्णालयात मेला. त्याच्यावर सिनेमेसुद्धा निघाले. बाई वाचल्या, बरं का. पण आमच्यामुळे नाही.

"म्हणून," मी म्हटलं, "या पुस्तकात सगळे जण बंद घरात घाबरतात, ते मला खोटं वाटलं. आमच्याकडे घाबरणारे आत होते आणि मरणारे बाहेर."

शिक्षिकाबाई म्हणाल्या, कादंबरीकडून इतकं मागू नये, वेळ बरा गेला की झालं. त्यांचंही खरं असेल. मी तरी दुसऱ्या कशासाठी वाचते?

पण ती रत्नागिरीची मुलगी मला सोडीना. "मावशी, त्या बाईंचं नाव काय?"

मला सांगता येईना. आठवत नव्हतं असं नव्हे, कधी माहीतच नव्हतं. ती म्हणाली, "त्या पुस्तकातल्या लहान मुलीचं नाव मात्र सगळ्या गावाला अठरा वर्षांनी पण माहीत असतं. मला त्यातलं हेच आवडलं होतं. मघाशी सांगायला सुचलं नाही."

साडेदहाला सगळ्या उठल्या. मैत्रीण दारात त्या मुलीला म्हणाली, "पोचलीस की मिस्ड कॉल दे." दहा मिनिटांचा तर रस्ता, आणि दुबईत रात्री बाईमाणसाला तशी भीती नाही, हे तिनेच मला पहिल्या दिवशी चारदा सांगितलं होतं. तरी फोन मांडीवर घेऊन बसली. वाजला तेव्हा झोपायला उठली.

दुसऱ्या दिवशी मी डिमोनाला मोठ्या भावाला फोन लावला. तो माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, त्याला चाळीतल्या सगळ्या बिऱ्हाडांची आडनावं अजून क्रमाने येतात. त्याने बराच वेळ आठवून पाहिलं.

"बाई," तो म्हणाला, "आपण बाईच म्हणायचो की." मग म्हणाला, "का गं, आज एकदम हे काय काढलंस?"

मी म्हटलं, काही नाही, एक पुस्तक वाचलं.