टर्बाइनची मोटार आणि खानदेशचें ऊन

यंत्राची कीर्ति कोठेंही ऐकावी. परीक्षा मात्र जळगांव-धुळें रस्त्यावर, वैशाखांत, दुपारीं बारा वाजतां घ्यावी, असें आमचें मत आहे. हें मत बनण्यास कारण आमचा भाचा. धुळ्यास यंत्रविद्या शिकणाऱ्या या मुलाच्या डोक्यांत गेलें वर्षभर वायु-टर्बाइनवर चालणारी मोटार घोंघावत आहे. घरची तेलाची गिरणी. परीक्षा होतांच त्यानें तींत बसावें, ही आमच्या मेहुण्यांची इच्छा. त्याला आणखी दोन वर्षें याच विषयाला द्यावयाचीं आहेत. बापलेकांचें बोलणें तुटण्याच्या बेताला आलें, तेव्हां बहिणीनें निवाडा आमच्यावर सोंपविला, आणि आम्हीं महिनाभर मिळेल तें वाचून काढलें.

नेहमींच्या इंजिनांत दट्ट्या पुढेंमागें होतो आणि इंधन राहून राहून पेटतें. टर्बाइनमध्यें दट्ट्याच नाहीं. पुढील चक्र हवा ओढून दाबतें, त्या हवेंत इंधन अखंड जळत राहतें, आणि तप्त वायूचा झोत पात्यांवर आदळून चाक फिरवितो. थंड करावयास पाणी नको, हादरा नाहीं, हलणारे भाग थोडे. १९५० सालीं इंग्लंडांतील रोव्हर कंपनीनें अशी पहिली मोटार लोकांस दाखविली. अमेरिकेंत क्रायस्लर कंपनीनें तर १९६३ ते १९६६ या काळांत आपल्या पन्नास गाड्या २०३ कुटुंबांना आळीपाळीनें तीन तीन महिने वापरावयास दिल्या, आणि मग बहुतेक सर्व मोडून टाकल्या! त्या गाड्यांना डीझेल चाले, घासलेट चाले, वनस्पतींचें तेलही चाले. मानवत नसे तें शिसें मिसळलेलें पेट्रोल, म्हणजे त्या काळीं रस्तोरस्तीं मिळणारें नेमकें तेंच.

तेलाचें हें वाचून भाच्याची कळी खुलली. "मामा, आपल्या खानदेशांत भुईमूग आहे, तीळ आहे, सरकी आहे. आपली मोटार आपल्याच गिरणीच्या तेलावर चालेल!" त्यावर आंतून आमच्या मंडळींनीं विचारलें, "आणि फोडणी कशाची द्यायची?" अर्थशास्त्राच्या ग्रंथांत याहून नेमका आक्षेप आमच्या पाहण्यांत नाहीं. शेंगदाण्याचें तेल डीझेलहून महाग आहे, हें गिरणीवाल्याच्या मुलाला सांगावयास नकोच होतें.

परंतु खरी अडचण तेलाची नव्हे, स्वभावाची आहे. टर्बाइन पूर्ण भारावर, एका वेगानें, तासन् तास फिरेल तेव्हांच काटकसरीनें वागतें; म्हणूनच विमानांत तें शोभतें. आमच्या मोटारीचा दिनक्रम पाहावा: सकाळीं शाळा, मग स्टेशन, मग भाजीबाजार, आणि प्रत्येक चौकांत उभें राहणें. महिन्यांतून एकदां एरंडोल, पारोळा मागें टाकीत धुळ्यास जाणें होतें, तेवढीच काय ती तिची धांव. क्रायस्लरचें चक्र तर गाडी उभी असतांही मिनिटाला वीस हजार फेऱ्यांच्या घरांत फिरे. नुसती हवा दाबण्यांतच इंधन खर्ची पडावयाचें. आणि पाय दाबल्यावर गाडी पुढें सरकावयास क्षणभर थांबावें लागे, तें वेगळेंच.

त्यांत आमचें ऊन. अशा यंत्राची शक्ति १५ अंश उष्णतेंत मोजण्याचा प्रघात आहे. हवा तापली कीं विरळ होते. तेवढ्याच चक्रांतून कमी हवा आंत जाते आणि ती दाबावयास श्रम अधिक पडतात. जळगांवास पारा ४५ वर गेला म्हणजे सुमारें पंचमांश शक्ति नाहींशी झाली असें समजावें. शिवाय दट्ट्याच्या इंजिनाहून याला हवा कितीतरी पट अधिक लागते. म्हणजे काळ्या मातीची धूळही तितकीच. दट्ट्याला आंच क्षणभर लागते, टर्बाइनच्या पात्यांना अखंड. त्यामुळें धातूही भारी किंमतीचा हवा.

टाटांच्या मालकीच्या जग्वार कंपनीनें यांतून एक वाट काढून पाहिली. २०१० सालीं पॅरिसच्या प्रदर्शनांत तिनें मांडलेल्या गाडींत दोन चिमुकलीं टर्बाइनें होतीं. चाकें फिरवावयाचीं विजेनें. टर्बाइननें एका लयींत फिरून फक्त बॅटऱ्या भरावयाच्या. युक्ति आम्हांस फार आवडली. पण विकावयाची गाडी बनविण्याचें ठरलें तेव्हां तीं टर्बाइनें काढून दट्ट्याचें इंजिन योजण्यांत आलें, आणि २०१२ च्या अखेरीस तो बेतही सुटला. हें ऐकून भाचा दोन दिवस नीट जेवला नाहीं, असें बहीण म्हणते.

तिला आम्हीं कळविलें आहे कीं, दोन वर्षें मुलाला द्यावीं. मोटारीसाठीं नव्हे, यंत्रासाठीं. उरणला १९८२ पासून वायु-टर्बाइनवर वीज होत आहे, आणि बाहेर पडणाऱ्या तप्त वायूनें पाणी उकळून वाफेचीं टर्बाइनेंही तेथें फिरविलीं जातात. तें केंद्र पाहावयास परवानगी मिळाली तर भाच्याच्या जाण्यायेण्याचें भाडें आम्ही देऊं. मेहुण्यांचें उत्तर अद्याप आलेलें नाहीं.