ठेकेदार मीच

न्हावऱ्याच्या गावठाणात आमची जागा, नवरा दौंडला रेल्वेत आणि मी शिरूरला शाळेत गणित शिकवते. त्याच्या ड्युटीचा नेम नाही, म्हणून घराचं काम माझ्याकडे आलं. 'विथ मटेरियल' न देता लेबर रेटने दिलं: मजुरी मिस्त्रींची, माल माझा. आर.सी.सी. ड्रॉइंग मात्र इंजिनिअरकडून रीतसर करून घेतलं. ते पैसे वाचवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त त्यांच्या गॅलरीखाली उभी राहत नाही.

खड्डे सहा फुटांवर गेले तेव्हा मुरूम लागला. आमची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. तिच्यावर पाया टेकवायचा नाही हे इथे सगळ्यांना माहीत. तरीही निघालेली माती जोत्यात परत ढकलायचा मोह प्रत्येक टोळीला होतो, कारण ती तिथेच पडलेली असते. शेजारच्या तात्यांचं एक रान मुरमाड. म्हटलं, "तात्या, माती तुम्ही न्या, मुरूम मला आणून टाका." ट्रॉली त्यांचीच. दोघांचंही भागलं. मुरूम थराथराने, पाणी मारून, धुम्मसाने ठोकून भरला.

हे सगळं दिवाळीआधी उरकायचं, कारण कारखान्यांचं गाळप सुरू झालं की ट्रॉल्या उसाला जातात आणि मुरमाला कोणी विचारत नाही. ठेकेदाराचा नफा म्हणतात त्यातला मोठा भाग याच माहितीचा पगार असतो: कोणाचा ट्रॅक्टर कधी मोकळा, सेंट्रिंगच्या प्लेटा कोणाच्या स्लॅबखाली अडकल्यात, मिस्त्रींच्या पुतण्याचं लग्न कधी. तो पगार वाचवायचा तर ते सगळं आपण पाठ करायचं. माझा फोन त्या काळात शाळेच्या सुट्टीतही कानाला असायचा.

माल मोजणं सोपं निघालं. सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, १६२ ने भागा. मीटरला किती किलो ते निघतं. १२ मिलिमीटरची १२ मीटर लांब सळई साधारण १०.६६ किलो भरायला हवी. वजनकाट्याच्या पावतीशी ताळा घालायचा, बस्स. खडी आणि क्रश सँड ब्रासवर, म्हणजे १०० घनफुटांवर येते. गाडी रिकामी करण्याआधी हौदा टेपने मोजायचा, मधला खळगा धरून. पहिल्या खेपेला ड्रायव्हर फुगला. पुढे तोच टेपचं टोक धरायला लागला.

स्लॅब पाच इंची, हजार चौरस फुटांचा: सुमारे ४१६ घनफूट काँक्रीट, एम-२० ला शंभरेक पोती सिमेंट. सळईखाली कव्हर ब्लॉकऐवजी खडीचे तुकडे सरकवायची टोळ्यांना सवय असते. मी आणि सासूबाईंनी वाळू-सिमेंटचे २० मिलिमीटर जाडीचे ब्लॉक ओट्यावर पाडले, प्रत्येकात बाइंडिंग तार खोचून. सासूबाई सांडगे घालावेत तशा ओळी लावत होत्या. नारळ फुटला, मिक्सर सुरू झाला आणि पाण्यावरून जुंपली. पोत्याला पंचवीस-सत्तावीस लिटर पुरे.

"बाई, माल घट्ट झालाय, सरकंना."

"व्हायब्रेटर आणलाय ना? तो चालवा, मिस्त्री. पाणी वाढायचं नाही."

"शाळंत पोरं कशी टिकत्यात तुमच्यापुढं!"

खरी कसोटी त्यानंतरची. मिश्र सिमेंटला किमान दहा दिवस, शक्यतो चौदा, ओल हवी. स्लॅबवर आळी बांधली, पण पाणी शेतातल्या विहिरीचं आणि शेतीची लाईट त्या आठवड्यात रात्रीची. नवरा रात्रपाळीला नसला की तो मोटर चालू करायला जायचा. असला की मी आणि सासूबाई, बॅटरी आणि काठी घेऊन. ठेकेदार असता तर त्याने हे केलं असतं का, यावर आमच्या घरात एकमत नाही. बाहेरचं प्लास्टर अजून राहिलंय. मिस्त्री सध्या कासारीकडे कामावर आहेत, आणि मी क्रश सँडच्या भावावर घासाघीस करतेय.